पुलावर गाडी थांबत नाही

सकाळचे आठ पंचवीस. शाळेची दुसरी फेरी नुकतीच उतरली होती आणि व्हॅनकाकू गाडीत अर्ध्या वाकून सीटखालचा बिस्किटांचा चुरा झाडत होत्या. हाती लागलं ते पेन्सिलीचं टोक, कुणाची तरी पाण्याची बाटली आणि एक मोजा. मोजा कोणाचा हे विचारायची गरज नव्हती. त्या मुलाचा एक पाय रोज उघडाच शाळेत जातो.

काकूंचं वय पंचावन्न. ‘व्हॅनकाकू’ हे नाव मुलांनी दिलेलं, आता घरीदारी तेच चालतं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत गाडी त्यांचे यजमान चालवत होते. मग त्यांची पाठ कामातून गेली. हल्ली ते पलंगावर पडून फोनवरून गाडी चालवतात. गाडीबरोबर काकूंकडे शाळेच्या फेऱ्या आल्या आणि वर्षातून एकदा म्हाताऱ्या सैनिकांना रणभूमी दाखवून आणायचं कामही आलं. आज गुरुवारी त्याचीच बैठक होती, आणि ती गाडीतच होती. कारण त्यांच्यातले कप्तान तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि आचारी आता जिने चढू शकत नाहीत.

पन्नास वर्षांपूर्वी देशाच्या स्वातंत्र्ययुद्धात या भागातून लढलेल्या तुकडीतले हे तिघं उरलेले. कप्तान तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह उघडबंद करून निवृत्त झाले. आचारी तुकडीचा स्वयंपाक करत. तिसरे ‘वायरलेस’, ते बिनतारी यंत्रावर संदेश ऐकत, आता त्यांना दोन्ही कानांनी काही ऐकू येत नाही. पूर्वी या सहलीला दोन बस भरायच्या. आता काकूंच्या गाडीतही जागा उरते.

तुकडी तीन ठिकाणी लढली. आधी टेकडीवर, मग पुलावर, शेवटी वीटभट्टीवर. टेकडी घेतली, पुलावर मार खाल्ला, अकरा जण गेले, आणि भट्टीवर जिंकले. रस्ता मात्र लढाईला विचारून बांधलेला नाही. शहरातून निघालं की दीड तासात पूल लागतो, मग भट्टी, आणि दिवसभराच्या प्रवासानंतर टेकडी. तरी सहल निघते ती युद्धाच्या क्रमाने. पहिल्या दिवशी थेट टेकडी, दुसऱ्या दिवशी उलटं पुलाशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा मागे फिरून भट्टी, चौथ्या दिवशी घर. पहिल्या दिवशी जाताना पूल लागतो, पण गाडी तिथे थांबत नाही. कप्तानांच्या मते ती लढाई अजून झालेली नसते. मागच्या वर्षी नेमकं पुलावर चाक बसलं. काकू जॅक लावून चाक बदलत होत्या आणि तिघं आत समोर बघत बसले होते. एकानेही नदीकडे मान वळवली नाही.

पावणेनऊला तिघं आले आणि आपापल्या ठरलेल्या जागी बसले. कप्तान पुढे, आचारी दाराशी, वायरलेस मागे. कप्तानांनी नकाशा डॅशबोर्डवर पसरला आणि तिथे ठेवलेली मुलाची बाटली उचलून काकूंच्या हातात दिली.

“शनिवारी पहाटे निघायचं. नेहमीसारखं.”

“नेहमीसारखं नाही जमायचं,” आचारी म्हणाले. “सोम, बुध, शुक्र माझं डायलिसिस असतं. शुक्रवारी करून निघालो तर सोमवारी सकाळी मला इथं हजर राहायला हवं. दोनच दिवस आहेत.”

“डॉक्टरला सांग एक दिवस पुढे ढकलायला.”

“तूच सांग. व्हॉल्व्ह बंद केल्यासारखं आहे का ते?”

काकूंनी हे आधीच जुळवून ठेवलं होतं. यजमानांनी पलंगावरून तीनदा समजावलं होतं, म्हणून नाइलाजाने पाठही झालं होतं. “कप्तानकाका, शनिवारी सरळ टेकडी. रात्री तिथे मुक्काम. रविवारी येताना आधी भट्टी, मग पूल, आणि संध्याकाळी घर. दोन दिवसांत सगळं होतं.”

“आधी भट्टी?” कप्तानांनी चष्मा काढला. “भट्टीवर आम्ही गेलोच का? पुलावर मार खाल्ला म्हणून. मार खायच्या आधीच जिंकायचं? आणि शेवट पुलावर करून तोंड पाडून घरी यायचं?”

“वाटेवरची ठिकाणं आहेत हो काका. वाटेत लागतील तशी बघायची.”

“ड्रायव्हर, तू गाडी बघ.”

काकूंनी गाडीच बघितली. वायपरला चिकटलेलं पान काढलं. ही वाक्यं त्यांना सहा वर्षांत इतकी ऐकून झाली होती की राग यायलाही आता जोर लागत असे.

मागून वायरलेस ओरडले, “काय म्हणतोय तो?”

“नाही म्हणतोय!” आचारी ओरडले.

“मग नवीन काय!”

कप्तान नकाशाची घडी घालू लागले. घडी जुन्या रेघांवर बसेना. मग खाली बघतच म्हणाले, “असं करू. या वर्षी तू घरी थांब. आम्ही दोघं चार दिवस जाऊन येतो. तू पुढच्या वर्षी ये.”

वायरलेसना ऐकू आलं नसावं, पण आचाऱ्यांचा चेहरा बघून तेही पुढे वाकले. भिंतीपलीकडे कवायतीची शिट्टी वाजली.

“पुढच्या वर्षी,” आचारी म्हणाले. “बरं. माझ्या मशीनला विचारून सांगतो.”

ते उठायला गेले. दाराची पायरी उंच आहे. त्यांचा डावा हात, ज्यात सुया टोचतात, त्यावर जोर देता येत नाही. काकू खाली उतरल्या, दुसऱ्या बाजूने खांदा पुढे केला. लहान मुलं उतरवायची त्यांना सवय आहे. म्हातारी माणसंही फार जड नसतात, पण वेळ जास्त लागतो.

“पुलावरच्या दिवशी मी सगळ्यांचं जेवण केलं होतं,” पायरीवर थांबून आचारी कप्तानांना म्हणाले. “अकरा जणांचं उरलं. फेकवेना. दुसऱ्या दिवशी तुम्हालाच वाढलं. भट्टीवर गेलात ते तेच खाऊन. तुला ठाऊक नसेल.”

“ठाऊक होतं,” कप्तान म्हणाले. “आंबलं होतं.”

“मग तेव्हा का नाही बोललास?”

“बोलून काय करणार होतास? दुसरं होतं कुठे?”

कप्तानांनी नकाशा पुन्हा उघडला. बराच वेळ बोट भट्टीच्या खुणेवर होतं. बोटाच्या नखात अजून व्हॉल्व्हचं काळं ग्रीस असावं असं वाटतं, पण तो काळपटपणा वयाचा आहे.

“ड्रायव्हर, शनिवारी टेकडी. रविवारी पूल, आणि घर.”

“आणि भट्टी?” काकूंनी विचारलं.

“भट्टी या वर्षी नाही. क्रम मोडायचा नाही. भट्टी पुढच्या वर्षी घ्यायची, तिघांनी मिळून. कोणी गळायचं नाही.”

आचारी पायरीवरून परत आत चढले. चढताना धापा टाकत म्हणाले, “म्हणजे मला वर्षभर बांधून ठेवलंस की रे. ते मशीन कमी होतं म्हणून आता तूही.”

“चार दिवसांचे दोन दिवस मी तुझ्यासाठी केले. तू एवढं कर.”

“काय ठरलं?” वायरलेस मागून ओरडले.

“जिंकणं पुढे ढकललंय!”

“चालेल!” वायरलेस म्हणाले. “माझी उशी घ्या फक्त!”

काकूंनी एकच अट घातली. जाता-येता भट्टीसमोरून गाडी जाईल तेव्हा तिथल्या पेट्रोल पंपावर त्या थांबतील. त्या रस्त्यावर बाईमाणसाला जाता येईल असा स्वच्छ संडास तेवढाच आहे. कप्तान म्हणाले, थांबायला हरकत नाही, आम्ही उतरणार नाही. काकू म्हणाल्या, उतरू नका, पण मग रात्री टेकडीच्या अंधारात संडासला न्यायला उठवू नका मला. यावर कप्तानांनी थोडा विचार केला आणि पेट्रोल पंप हा भट्टीचा भाग नाही असा निर्णय दिला.

दुपारची मुलं सोडून काकू घरी आल्या तेव्हा अडीच वाजले होते. यजमान कुशीवर वळायला बराच वेळ घेत होते. काकूंनी उशी पाठीशी लावून दिली. शनिवार-रविवारसाठी शेजारच्या वहिनींना सांगून ठेवलं होतं. त्या दोन वेळा डोकावतील.

“मग? ऐकलं माझं? आधी भट्टी?”

“भट्टीच गाळली.”

“गाळली? अगं, मग जिंकले कधी ते?”

“पुढच्या वर्षी.”

यजमान हसले, पाठीत कळ गेली, आणि हसणं मध्येच राहिलं. “आचारी निभावेल तोपर्यंत?”

“मला काय विचारता? चहा घेणार?”

चहा ठेवून त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मोजा खिशातच राहिला होता. तो त्यांनी गाडीच्या किल्लीजवळ ठेवला.

उद्या शुक्रवार. पहिली फेरी पावणेसातला, दुसरी पावणेआठला. नऊ वाजता आचाऱ्यांना डायलिसिसला सोडायचं आणि एक वाजता, शाळा सुटायच्या आधी, परत आणायचं.