विजेची पाळी

आमच्या वाडीतल्या विजेवर खरी सत्ता वीज कंपनीची नव्हतीच, माझ्या मामेसासऱ्यांची होती. खांब आणि तारा तेवढ्या कंपनीच्या. मे महिन्यात मुंबईकर आपापल्या विजेवरच्या गाड्या घेऊन आंबे खायला येत आणि दिवेलागणीला सगळे एकदम त्या चार्जिंगला लावत. वाडीला एकच जुना ट्रान्सफॉर्मर, त्यात आम्ही लाइनीच्या अगदी शेवटाला. व्होल्टेज असं पडे की फिरत्या पंख्याची पाती मोजता यावीत. पंप नुसता गुरगुरे, फ्रीज दमेकऱ्यासारखा धापा टाकी. मामा फ्रीजला कान लावून निदान करत, "वरच्या घरात दोन गाड्या लागल्यायत, जावईबापू. पितायत कसल्या, ओरबाडतायत!"

पोफळीच्या बागांना पाटाचं पाणी पाळीनं मिळतं. मामांचा जन्म त्यात गेलेला, त्यामुळे त्यांनी विजेचीही पाळी लावून टाकली. काठी टेकत घरोघर जायचं, ओटीवर बसायचं, कोकम सरबत मागायचं आणि ते पिता पिता यजमानाच्या देखत त्याच्या गाडीची वायर काढायची. एका तरुण इंजिनियरनं त्यांना समजवायला घेतलं, "आजोबा, वीज म्हणजे काय पाणी नव्हे."

"नव्हे ना? मग तुझ्या आयशीला विचार, टाकीत पाणी का नाही चढलं ते."

आतून त्याची आई खळखळून हसली. गाडी पहाटेच्या पाळीला गेली.

माझी बायको, म्हणजे त्यांची भाची, गेली, त्यानंतर मामांनी मलाही पाळी दिली. रोज तिन्हीसांजेची.

"मामा, माझ्याकडे गाडी कुठे आहे?"

"नसू दे. पाळी घराची असते."

मग ते रोज देखरेखीला येऊन बसत. तिच्याविषयी आम्ही कधी बोललो नाही. वाडीतल्या गाड्यांना मात्र मनसोक्त शिव्या घातल्या.

यंदा नवा, मोठा ट्रान्सफॉर्मर बसला. आता कोणी कितीही गाड्या लावा, पंखा भरधाव फिरतो. वाडी खूश झाली. मामा "बरं झालं" म्हणाले आणि घरात गेले. मुलगा मुंबईला, घरात ते एकटेच. कामाशिवाय दुसऱ्याच्या ओटीवर चढायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. त्यांना कोणी येऊ नका म्हटलं नाही, पण कोणी वाटही पाहिली नाही. मी पाहत होतो, पण ते त्यांना सांगायचं कसं, हे मला कळेना. वाचायला घेतलेलं पुस्तक त्याच पानावर राही.

शेवटी एका संध्याकाळी मीच त्यांच्याकडे गेलो. "मामा, आमच्याकडे व्होल्टेज जरा कमी वाटतंय. येऊन बघता?"

ते आले. ओटीवरची ट्यूब पांढरीशुभ्र जळत होती. मामांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कमीच आहे," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "एका दिवसात नाही समजायचं हे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्या लख्ख उजेडात आम्ही दोघे कितीतरी वेळ बसून होतो.