हार उतरला तेवढे दिवस

शेजारची पोरगी कॉलेजात सिनेमा शिकते. तेही शिकवतात आजकाल, परीक्षेला पेपराऐवजी छोटासा पिक्चर काढून द्यायचा. एक दिवस आली अन् दारातूनच म्हणाली, "आजी, तुमची आतली खोली देता का? म्हाताऱ्या नवरा-बायकोची गोष्ट हाय. तिथंच शूटिंग करू."

"उचलून ने की," म्हटलं मी. "पण हाय काय त्या खोलीत? गाद्या अन् गव्हाची कोठी."

खरंच तेवढंच होतं. खोली आमच्या मालकांची. गुलमंडीवर कापडाच्या दुकानात होते ते, कापड मोजण्यात जन्म गेला. ते गेले, वर्षश्राद्ध झालं, तेव्हा लेकानं खोली आवरली. कपडे वाटून टाकले, पलंग उभा करून भिंतीला लावला, फोटोला चंदनाचा हार घातला. तेव्हापासून मी तिथं गहू काढायला जायची अन् फोटोकडं न बघता माघारी यायची. लोक म्हणायचे, सावरली बाई. मलाही तसंच वाटायचं.

पोरगी आली मैत्रिणीला घेऊन. आल्या आल्या दारात उभी राहून मोबाइलवर खोलीचे फोटो काढायला लागली.

"अगं, आधी सजव तरी. पसाऱ्याचे कसले फोटो काढतेस?"

"आमच्या मॅडमचा नियम हाय, आजी. कुणाच्या घरातलं काही हलवायच्या आधी फोटो काढायचा. काम झालं की घर होतं तसं करून द्यायचं. सुई इकडची तिकडं नाय झाली पाहिजे."

"शहाणी गं माझी बाय," म्हटलं. लई कौतुक वाटलं मला.

मग पलंग आडवा झाला. पोरगी विचारायची, मी सांगायची. उशी कुठं? खिडकीकडं, त्यांना उजेडात पेपर वाचायला लागायचा. तांब्या? डाव्या हाताला, स्टुलावर, वर फुलपात्र पालथं. चपला पलंगाखाली, तोंड बाहेर करून, म्हणजे उठलं की पाय घालायचे अन् निघायचं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, मी गोष्टीतल्या म्हाताऱ्याचं सांगतच नव्हते.

मधेच स्वयंपाकघरातून चहाचा वास आला. बघते तर मैत्रिणीनं पातेलंभर चहा उकळून त्यात शर्ट बुडवलेला.

"काय गं भवाने, मला कपभर विचारलं नाय, अन् शर्टाला पाजायलीस?"

दोघी खदखदून हसल्या. शहागंजातून स्वस्तातला शर्ट आणलेला, पण कॅमेऱ्यात कोरा दिसतो म्हणे. चहात बुडवला की वापरून वापरून मळकटल्यासारखा होतो. वाळल्यावर तो त्यांनी दारामागच्या खुंटीला अडकवला. खुंटी मीच दाखवली होती.

शेवटी पोरगी फोटोसमोर येऊन थांबली. चुळबुळ करायला लागली. "आजी, गोष्टीतले आजोबा जिवंत हायेत. फोटो काढून ठेवू का?"

"फोटो राहू दे," म्हटलं. "हार काढ."

तिचा हात होईना. मग मीच स्टुलावर चढले. हार उतरवला, काचेवरचा गंधाचा टिळा पदरानं पुसला. काचेमागं मालक होते तसे दिसले, फोटो काढणारा लई वेळ लावतोय म्हणून वैतागलेले.

शूटिंग चाललं तेवढे दिवस खोली तशीच राहायची. संध्याकाळी पोरं गेली की मी जाऊन पलंगाच्या कडेला बसायची. पहिल्या दिवशी तोंडातून आपोआप निघालं, "अहो, गव्हाला किडे लागलेत." ते गेल्यावर पहिल्यांदाच बोलले मी त्यांच्याशी. हार घातलेल्या माणसाला कसं सांगायचं किड्यांचं? मग काय, रोजचंच झालं. भाजी काय केली, लेकाचा फोन आला का नाय, सगळं. मी मनाशी ठरवून टाकलं, काम संपलं की पोरीला सांगायचं, राहू दे बाई हे असंच. गहू मी स्वयंपाकघरात ठेवीन.

शेवटच्या दिवशी पोरांना खाऊ घालावं म्हणून मी इमरती आणायला गेले. वाटलं, खाता खाता विषय काढू. परत आले तर पोरगी दारातच, घामाघूम, खुशीत.

"आजी, डोळे मिटा. आता उघडा. बघा!"

पलंग भिंतीला उभा. गाद्या, कोठी, सगळं जागच्या जागी. मोबाइल पुढं धरून ती एकेक जागा ताडून दाखवत होती. फोटोला हार. काचेवर ताजा टिळासुद्धा.

"टिळा पण होता ना फोटोत, म्हणून लावला," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून तिचा आवाज उतरला. "काही चुकलं का, आजी?"

काय सांगायचं लेकराला? "नाय गं. होतं तसंच केलंस. इमरती खा, गरम हाय."

लेकानं हार घातला होता तेव्हा मी रडले नव्हते. घर पाहुण्यांनी भरलेलं, कुणाला चहा, कुणाला पाणी. ह्या वेळी पोरं गेल्यावर घरात कुणीच नव्हतं. मी खोलीचं दार आतून लोटलं अन् तिथंच खाली बसले.

वर बघितलं तर दारामागं शर्ट. पोरीनं फोटो दारात उभं राहून काढले होते, दार उघडं ठेवून. दाराची मागची बाजू त्यात आलीच नव्हती. मी उठून कापड चिमटीत धरून बघितलं, मालक बघायचे तसं. टेरीकॉट. त्यांनी जन्मात सुती सोडून अंगाला लावलं नाय.

दुसऱ्या दिवशी पोरगी आलीच. "आजी, आमचा एक शर्ट राहिला का इथं?"

"व्हय, राहिलाय. बटण निघालंय त्याचं. लावून देते."

बटणं सगळी जागेवर आहेत. पोरगी अधूनमधून विचारते, मी दोरा सापडत नाय म्हणते. अन् गहू काढायला गेले की आता दार आतून लोटून घेते.