तुळशीदास तांडेलाची सही

आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात शब्द फिरवणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. मीही त्यातलीच. सकाळी ज्या जावेशी कडाकडा भांडले, तिच्याकडे संध्याकाळी वाटीभर कालवण मागायला मला काही वाटत नाही. तुळशीदासचं मात्र तसं नव्हतं. वाटणीवरून थोरल्या भावाशी वाजलं तेव्हा तो रागात बोलून गेला की तुझ्या बोटीवर पाय ठेवणार नाही. भाऊ मरेपर्यंत त्याने तो पाय ठेवला नाही. एकदा भावाची बोट वाऱ्यात सापडली, तेव्हा आपल्या बोटीवरून दोर टाकून ती किनाऱ्याला ओढत आणली, पण चढला नाही. आम्ही हसायचो त्याला. आता हसू येत नाही.

तो तांडेल होता, म्हणजे बोटीवर त्याचा शब्द शेवटचा. गुडघे गेल्यावर समुद्र सुटला आणि तो आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या शेडमध्ये बसू लागला. स्वतःला मूलबाळ नव्हतं. शेजारच्या जयंतीला सख्खा-चुलत कुठलाच भाऊ नव्हता. तिच्या लेकीचं, नेत्राचं जावळ काढायच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसवायचं तर मामा आणायचा कुठून, म्हणून बायका कुजबुजत होत्या. तुळशीदास जाळं विणत बसला होता. तो उठला, हात धुतले, पाटावर येऊन बसला आणि पोरीला मांडीवर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून तो मामा झाला. दर भाऊबीजेला जयंतीला लुगडं, आणि नारळी पुनवेनंतर बोट पहिल्यांदा परत आली की त्यातला मोठा सरंगा नेत्राच्या ताटात.

नेत्रा अंधेरीच्या कॉलेजात शिकत होती. हुशार, पण मितभाषी. शेवटच्या वर्षाला कॉलेजने फर्मान काढलं की नुसत्या परीक्षेने पदवी मिळायची नाही, बाहेर जाऊन प्रत्यक्ष काम करा, त्याची रीतसर नोंद पोर्टलवर झाली तरच क्रेडिट. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे कल्पना चांगली आहे हे मला कळतं. पण आपल्याकडे चांगल्या कल्पनेची वाट लावायला एक पोर्टल पुरतं.

काम कुठे करायचं, तर मुलांना सापडला आमचा कोळीवाडा. नाहूरचा कृणाल नाकाला रुमाल बांधून आला, बोंबलांचे फोटो काढले, दोन बायकांना तुमचं उत्पन्न किती म्हणून विचारलं आणि गेला. त्याची नोंद झाली. कॉलेजच्या कोळीनृत्याच्या चमूत एकही कोळी नव्हता. त्यांचीही झाली. या सगळ्यांच्या कागदांवर सोसायटीच्या वतीने बाहेरचा मार्गदर्शक म्हणून तुळशीदासनेच सह्या केल्या. प्रत्येकाला समोर बसवून काय केलंस ते विचारायचा, आणि खोटं वाटलं तर दुसऱ्या दिवशी परत बोलवायचा.

नेत्राने कुणी न सांगता खरं काम घेतलं. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून बांबूंवर वाळत घालणाऱ्या बायकांना तिने मोबाइलवर ऑर्डर घ्यायला शिकवलं, माल बांधायला शिकवलं. जुहूच्या एका हॉटेलला आमचा सुका जवळा तिच्यामुळे जाऊ लागला. तुळशीदास शेडमधून सगळं बघायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तिच्या कागदावरही सही त्याचीच होती.

तेच नडलं. नोंदी तपासायला कॉलेजच्या हेमांगी मॅडम आल्या. शांत, नीट बोलणारी बाई, माझा तिच्यावर राग नाही. तुळशीदासने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि नेत्राकडे बोट दाखवत, छाती पुढे काढून म्हणाला, "मॅडम, ही माजी भाची. हिचं सगलं काम मी डोल्यानं बगितलंय."

मॅडमचा चेहरा पडला. नियम असा की सही करणारा विद्यार्थ्याचा नातेवाईक असता कामा नये. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा जावळाची गोष्ट निघाली, आणि त्यांना हायसं वाटलं. म्हणजे रक्ताचं काही नाही ना, मग सोपं आहे, म्हणाल्या. आपला हिच्याशी कुठलाही नातेसंबंध नाही, अशी एक ओळ यांनी लिहून सही करावी. नाहीतर नोंद रद्द, आणि दुसरीकडे पुन्हा काम करायचं तर वर्ष गेलं.

जयंती त्या ओळीवरून पेटली. माझा भाऊ मी कागदावर मारणार नाही, असं तिने शेडमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं. नेत्रा रात्रभर रडली. विमानतळाजवळच्या एका कंपनीत मुलाखत ठरली होती, बाप आजारी, आईचे हात मिठाने फाटलेले. ती सकाळी माझ्याकडे आली. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाची सही घे. पण काम पाहिलेला, सोसायटीच्या वतीने सही करू शकणारा दुसरा होता कोण? मग ती मामाकडे गेली, आणि मी तिच्यासोबत गेले.

तुळशीदासने ऐकून घेतलं आणि तिला एवढंच विचारलं, "लिवू ना?"

"लिव ना मामा," ती म्हणाली. "नुसतं कागदावर तर हाय."

तो उठला. धुतलेला सदरा घातला, एक नारळ घेतला आणि ओहोटीच्या पाण्यात उतरून दर्याला दिला. त्याच्या घराण्यात दर्याला सांगून केलेली गोष्ट मागे घेत नाहीत. परत येऊन त्याने ती ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आणि सही केली. आम्हाला वाटलं, माणूस देवाची क्षमा मागून आला. मला नारळ दिसला होता, तरी मला कळलं नाही.

नोंद मंजूर झाली. गुणपत्रिकेवर खाली बारीक अक्षरात एक ओळ आली, क्षेत्रकार्य पूर्ण. बायकांचं नाव नाही, जवळ्याचं नाही, काही नाही. कृणालच्या गुणपत्रिकेवरही हीच ओळ, तीच अक्षरं. मुलाखतीत नेत्राला विचारलं, अनुभव आहे का? तिने ती ओळ दाखवली. साहेब म्हणाले, ते कॉलेजचं झालं, कामाचा अनुभव सांगा. नोकरी मिळाली नाही. ती आईबरोबर बोंबील वाळत घालू लागली.

भाऊबीजेला जयंती ताट घेऊन बसून राहिली. तुळशीदास आला नाही. लुगडं नाही, सरंगा नाही. भेटला की बोलायचा, नेत्राच्या बापाच्या तब्येतीची चौकशी करायचा, शेजारी करतो तशी. नेत्रा त्याच्या पाया पडली, म्हणाली मामा, चुकलं. त्याने तिला उठवलं आणि पुन्हा बापाची तब्येत विचारली. शेवटी मीच त्याच्या दारात जाऊन त्याला नको नको ते बोलले. एका कागदासाठी पोरीला तोडतोस, तुला लाज कशी वाटत नाही, असं म्हणाले.

"मी नाय तोरलं," तो म्हणाला. "नाय म्हनून लिवलं, दर्याला सांगितलं. आता हाय म्हनलो तर मी खोटा. मंग तिच्या कामावरची माजी सई पन खोटी."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. तो तिचीच नोंद सांभाळत होता, जी कुणी वाचलीसुद्धा नव्हती.

पुढच्या वर्षी नेत्राचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन ती त्याच्याकडे गेली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, येतो म्हणाला, आणि आला. नवा सदरा घालून मांडवातल्या शेवटच्या रांगेत, बाहेरच्या पाहुण्यांत बसला. भटजींनी मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं म्हणून हाक दिली. एकदा दिली, मग पुन्हा दिली. जयंतीने मागे वळून पाहिलं, मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तुळशीदास हात मांडीखाली दाबून खाली बघत होता. नेत्रा दारात थांबली होती. थोड्या वेळाने ती एकटीच चालत आली.

तो जेवून गेला. आहेराच्या पाकिटावर त्याने फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं, ‘मामाकडून’ नव्हतं, आणि खाली सही.