पांढऱ्यातली नवरी

जळगावच्या त्या नाटकाचा विषय निघाला की मी उठून चहा सांगायला जायचो. इतकी वर्षं तसंच निभावलं. आता त्यातलं जवळजवळ कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

साठचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या एका साप्ताहिकात मी नाटकांवर लिहायचो. जळगावात एका प्राध्यापकांनी जुन्या जपानातल्या सरदारांवर नाटक बसवलं होतं. लाकडी तलवारींना सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवलेली. सरदार गुडघ्यांवर बसायचे आणि उठताना एकमेकांचा आधार घ्यायचे. लोक हसले, मीही हसलो.

नवरीचं काम एका मारवाडी कापडवाल्याच्या सुनेनं केलं होतं. सासऱ्यांनी परवानगी दिलीच, वर पोशाखाचं कापडही दुकानातूनच दिलं. दुसऱ्या अंकात तह म्हणून तिला शत्रूच्या घरी देतात. ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात आली. सवाष्णीच्या अंगावर पांढरं पाहून बायकांत कुजबुज सुरू झाली. तिनं नाटकातल्या बापाकडे एकदा पाहिलं आणि चालू लागली. मागच्या बायका उठून पाहू लागल्या.

मध्यंतरात प्राध्यापक माझ्याकडे आले.

"तिकडे नवरी पांढऱ्यातच निघते, भाऊ. मला हवं तेवढं झोडा, पण एवढं लिहा. नाहीतर लोक त्या पोरीला भलतंच बोलतील."

"लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. मला एक वाक्य सुचलं होतं आणि खुलासा केला असता तर त्यातली गंमत गेली असती: 'सासरा कापडवाला, नवरा धडधाकट, तरी सुनेच्या नशिबी रंगाचं एक सूत नसावं?' साप्ताहिकाचा अंक निघाला, संपादक खूश झाले. जळगावच्या बाजारात ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं.

पुढच्या खेपेस सासऱ्यांनी मला दुकानात बोलावलं, गादीवर बसवलं, पाणी दिलं.

"बठ्ठा बजारनी वाचं, भाऊ. मना पोऱ्या जित्ता शे. घरमा रडारड शे."

"तो जपानचा रिवाज आहे, शेठजी."

"तुमले ठाऊक व्हतं?"

"नंतर कळलं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. "मंग हाई छापी टाका. दोनच ओयी. सून परत नाटकमा काम करी, मी आडवा येवाव नई."

"छापतो," म्हणून मी उठलो. पण खुलासा छापायचा तर आधीचं वाक्य चुकलं म्हणावं लागलं असतं, आणि त्या वाक्यावर मी तेव्हा धुळ्यात मिरवत होतो. दोन ओळी मी लिहिल्याच नाहीत. पुढच्या वर्षीच्या नाटकात ती नव्हती. त्यानंतरही कधी दिसली नाही.

बऱ्याच वर्षांनी जळगावच्या स्टँडवर तिनंच मला ओळखलं. कडेवर मूल होतं.

"अजून लिहिता का नाटकांवर?"

"सोडलं," मी म्हणालो.

"मीही," ती म्हणाली आणि सावद्याच्या गाडीत चढली. गाडी हलेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. म्हणायचं होतं ते एवढंच: बाई, मला ठाऊक होतं. तुम्ही उत्तम काम केलं होतंत. मला क्षमा करा.