शारजात बर्फाची वाट

सबंध अमिरातीत, भर ऑगस्टमध्ये, हातरुमालाने मानेवरचा घाम पुसत "यंदा बर्फ पडणार" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या समोरच्या दारात राहायला होता. लोकांचे शेजारी वाटीभर साखर मागतात, पार्किंगवरून भांडतात, फार तर रविवारी सकाळी भिंतीत ड्रिल मारतात. आमचे काका कांद्याची सालं मागायचे. मी त्यांना काका म्हणायची आणि ते मला वहिनी. हे नातं कुठल्या बाजूने जुळतं याचा विचार आम्ही कधी केला नाही. हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. सव्वीस वर्षं लोखंडी पाइपांची जाडी मोजून मोजून त्यांची अशी ठाम समजूत झाली होती, की ज्याला जाडी आहे ते मोजता येतं आणि जे मोजता येतं त्यातून काही ना काही कळतंच.

कांद्याची ही भानगड त्यांच्या कारखान्यातल्या एका रशियन इंजिनिअरने लावून दिली. त्याच्या आजीच्या गावात म्हणे, कांद्याची साल जाड निघाली की त्या वर्षी बर्फापुढे कोणाची खैर नसते. झालं! सप्टेंबर उजाडला की शनिवारी सकाळी आमची बेल वाजायची. दारात काका, इस्त्रीचा शर्ट, खिशात मखमली पेटीतला मायक्रोमीटर. "वहिनी, कांदे चिरलेत का?" मी पोह्यांच्या गडबडीत, कढईत मोहरी तडतडतेय, आणि हे माझ्या ओट्यावर साल पसरून चष्म्याच्या वरून आकडे वाचतायत. एका छोट्या डायरीत ते लिहून ठेवायचे, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघायचे आणि मग गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "चिन्हं चांगली आहेत." एकदा माझी लेक कॉर्नफ्लेक्स खाताखाता म्हणाली, "काका, दॅट ओनियन इज फ्रॉम नाशिक. इट सेज ऑन द बॅग." मी कपाळावर हात मारला. चार वर्षं हा माणूस शारजात बसून नाशिकचा हिवाळा मोजत होता! "म्हणजे काका, बर्फ पडलाच तर तो पंचवटीत पडणार," मी म्हटलं आणि हसून हसून माझे पोहे करपले. काका मात्र ढिम्म. डायरी मिटून म्हणाले, "नाशिकचा असला तरी हिवाळा काढायला इकडेच आलाय ना तो? आपल्यासारखाच. कळत असणार त्याला, आपण कुठे निघालोय ते." आणि उरलेली सालं कागदात गुंडाळून घेऊन गेले.

पण एका कांद्यावर भरवसा ठेवतील तर ते इन्स्पेक्टर कसले! दुसरं मत हवंच. कारखान्याची सरकारी कागदपत्रं बघणारा एक म्हातारा अरब होता, त्याने त्यांना सुहैल ताऱ्याचं सांगितलं. ऑगस्टच्या शेवटी पहाटे सुहैल दिसला की उन्हाळ्याचं कंबरडं मोडलं समजायचं, आणि तिथून दहा-दहा दिवसांचे गठ्ठे मोजत जायचं; कुठल्या गठ्ठ्यात वारा, कुठल्यात पाऊस, कुठल्यात हाडं गोठवणारी थंडी, हे इथल्या जुन्या लोकांना तोंडपाठ. काकांनी पुस्तकं धुंडाळली आणि त्यांना शोध लागला की सुहैल म्हणजे आपला अगस्ती. "अहो, आपलाच माणूस निघाला! व्हिसावर नाव वेगळं पडलंय एवढंच." त्या आनंदात ते आठ दिवस पहाटे गच्चीवर जाऊन बसले. नवव्या दिवशी तारा दिसला म्हणून त्यांनी भक्तिभावाने हात जोडले, खाली येऊन मला बेसनाचा लाडू दिला. दहाव्या दिवशी तारा दोन मजले वर सरकला, तेव्हा कळलं की ती समोरच्या बांधकामावरच्या क्रेनची बत्ती आहे. लाडू माझ्या पोटात गेला होता, त्यामुळे मी त्या वर्षी फार बोलले नाही.

शिवाय त्यांच्या कारखान्यात पाकिस्तानातल्या स्वातकडचा एक खान ड्रायव्हर होता. त्याचं म्हणणं, बकरीच्या अंगावर लोकर दाट आली की बर्फ येतो. शारजात बकरी कुठून आणणार? काकांनी पार्किंगमधल्या मांजरी धरल्या. धरल्या म्हणजे खरोखरच धरल्या. हातावर हे एवढाले ओरखडे घेऊन माणूस दारात उभा, आणि मी डेटॉल लावताना म्हणतो काय, "केस दाट आहेत वहिनी, पण स्वभाव फार वाईट." आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना हसायचे. मी तर सगळ्यात जास्त. नोव्हेंबरात पारा जरा पंचविसाला आला की मी मुद्दाम दार उघडून ओरडायची, "काका, छत्री घ्या, भुरभुरतोय!" आणि ते खरंच खिडकीकडे बघायचे. अर्धा क्षणच, पण बघायचे.

हे सगळं कशासाठी चाललंय, हे मला फार उशिरा कळलं. काकूंसाठी. काकू मिरजेत. लग्नानंतर दोघांचं सिमल्याला जायचं ठरलं होतं. काकूंनी स्वतःच्या हाताने दोन स्वेटर विणले होते, कारण बर्फ बघायचा ही त्यांची लहानपणापासूनची हौस. पैसे जमायचे, मोडायचे, मुलगी झाली, आणि शेवटी एकदा तिकिटं निघाली तेव्हा काकांचा इथला व्हिसा आला. सिमला राहिला. "एक दोन वर्षांनी जाऊ," काका म्हणाले. त्याची सव्वीस झाली. आधी मुलीची शाळा, मग दहावी, मग बारावी, मग सासूबाईंचं अंथरूण, मग मुलीचं लग्न, मग गुडघे. मधे एकदा काकू आल्या होत्या, पण शाळेच्या सुट्टीत म्हणजे भर मे महिन्यात. तेव्हा काका आणखी तीन माणसांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचे, त्यातल्या एका खोलीत पडदे ओढून काकूंनी पंधरा दिवस काढले आणि विमानतळावर सांगितलं, "तुमचा हा तवा तुम्हालाच लखलाभ." मग एका वर्षी पेपरात फोटो आला, रास अल खैमाच्या जबल जैस डोंगरावर बर्फ पडल्याचा. माणसं हातात गोळे घेऊन उभी. काका तो फोटो किती वेळ बघत बसले असतील देव जाणे. काकूंना बोलावण्यासारखं काहीतरी त्यांना सापडलं होतं.

तेव्हापासून दरवर्षी हेच. कांदा, सुहैल, मांजर, आणि मग शुक्रवारी संध्याकाळी मिरजेला फोन. आमच्या गॅलरीला लागून असलेल्या त्यांच्या गॅलरीत उभं राहून, फोन स्पीकरवर टाकून मोठ्यांदा बोलायचे, त्यामुळे सगळं मला ऐकू यायचं. "अगं, यंदा नक्की. साल जाड आहे. ये जानेवारीत." पलीकडून काकूंचा आवाजही काही कमी नव्हता. "बर्फच बघायचा तर इथे फ्रीज आहे! आणि तुमची साल तुम्हीच बघा. मागच्या वर्षीही जाडच होती." मग दोघं हसायचे. मग काका विचारायचे, "गोळ्या घेतल्यास?" आणि फोन संपायचा. त्यानंतर त्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज यायचा, एकट्या माणसाच्या घरात येतो तसा, जरुरीपेक्षा मोठा.

मागच्या हिवाळ्याची गोष्ट वेगळी होती. साठी उलटून गेलेली, कंपनीने दिलेली शेवटची मुदत मार्चमध्ये संपत होती, नंतर व्हिसा खलास. मी म्हटलं, "बरंच आहे की काका, आता जाल घरी कायमचे." ते म्हणाले, "जाईन हो. पण वहिनी, माझी इथली सव्वीस वर्षं तिने बघितलीच नाहीत. मी कुठे चहा पितो, कुठल्या बाकावर बसतो, कपडे कुठे वाळत घालतो, काही माहीत नाही तिला. मी गेल्यावर हे सगळं मी सांगणार आणि ती हो हो करणार. एकदा बघून गेली असती म्हणजे बरं." मी उठून जास्तीचे चार कांदे सोलले आणि म्हटलं, "बघा, मोजा." साल यंदा खरंच जाड होती, की मला तसं वाटत होतं, कोण जाणे.

आणि काकू हो म्हणाल्या! काकांनी काय सांगितलं ते माहीत नाही, पण जानेवारीचं तिकीट निघालं, गुरुवारचं. शनिवारी माझ्या गाडीतून जबल जैस. काकांची जी धांदल उडाली ती विचारू नका. नव्या उशा आल्या, एक मऊ शाल आली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, स्वयंपाकघरात डबे घासून त्यावर "साखर", "रवा" असं मराठीत लिहून चिकटवलं. माझ्या घरी येऊन साबुदाण्याची खिचडी शिकले. तिसऱ्या वेळी ती खिचडी झाली, आधी दोनदा खळ झाली होती. "शनिवारी बर्फ नाही पडला तर?" मी विचारलं. "नाही पडला तर डोंगर बघू," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांना बर्फाची फिकीर नव्हती.

मंगळवारी फोन आला. कोल्हापूरला मुलीला सातवा महिना, डॉक्टरांनी अचानक अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं. आई लगेच हवी. काका गॅलरीत उभे होते. "नाही नाही, तू तिकडेच जा. आईच हवी अशा वेळी. इथे काय आहे? काही नाही इथे." फोन ठेवल्यावर ते बराच वेळ कपडे वाळत घालायच्या दोरीवरचे चिमटे एका ओळीत लावत राहिले. मी पडद्यामागे उभी होते.

शनिवारचा बेत रद्द झाला असं मी धरून चालले होते. नवरा साइटवर, लेक क्लासला. तर सकाळी बेल. काका दारात, हातात चहाचा थर्मास. "निघायचं का? यल्ला, चला. आता ठरलंच आहे तर." मी गाडी काढली. आकाश सबंध रस्ताभर करडं होतं. रास अल खैमा सोडल्यावर पाऊस लागला, वळणावळणावर वारा गाडीला ढकलत होता. मी म्हटलं परत फिरू, काका म्हणाले, "जाऊ तिथवर जाऊ." वरच्या पार्किंगला पोचलो तेव्हा पावसाचा आवाज बदलला. आधी गारा वाजल्या, काचेवर, टपावर. मग वाजायच्या थांबल्या. मी बाहेर बघितलं तर हवेतून पांढरं काहीतरी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखं खाली येत होतं.

बर्फ होता हो! खराखुरा. चार बोटांचा थर वगैरे नाही, साखर भुरभुरल्याइतकाच. पण कठड्यावर, दगडांवर, गाड्यांवर पांढरं दिसत होतं. माणसं गाड्यांतून उतरून ओरडत होती, एक अरब मुलगा जीभ बाहेर काढून गोल गोल फिरत होता. काका उतरले आणि नुसते उभे राहिले, दोन्ही तळवे पुढे करून. हातावर पडत होता आणि विरघळत होता. मी आनंदाने अक्षरशः नाचले, फोन काढून फोटोंवर फोटो. "काका, पडला! अहो, पडला!" त्यांनी मान हलवली. चष्मा ओला झाला होता. तो पुसला नाही त्यांनी. पाचेक मिनिटांतच पोलिसाची गाडी आली आणि सगळ्यांना खाली पिटाळायला लागली.

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. कोल्हापूरहून काकू. गाडीत बसून काकांनी काच वर केली, स्पीकरवरच घेतला. "काय हो, गेलात का डोंगरावर? पडला का?" काकूंच्या आवाजात जो धसका होता तो मला अजून ऐकू येतो. समोरची काच पांढरी झाली होती. काका म्हणाले, "कसलं काय! पोलिसांनी खालूनच परत पाठवलं. पाऊस आहे नुसता. तू आली असतीस ना, तरी काही उपयोग नव्हता बघ. पोरीकडे लक्ष दे." पलीकडे काकूंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "बरं झालं बाई. मला आपली रुखरुख लागली होती." काका म्हणाले, "छे, कसली रुखरुख," आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, ते फोटो ग्रुपवर नका टाकू." मी वायपर लावले. मला रडू येत होतं आणि उताराचा रस्ता होता, त्यामुळे मी रडले नाही. काकांनी वाटेत थर्मासमधून मला चहा दिला. साखर जास्त पडली होती. काकूंना तसाच लागतो, असं ते म्हणाले.

मार्चमध्ये ते मिरजेला परत गेले. समोरच्या दारात आता एक केरळचं कुटुंब आहे, चांगली माणसं आहेत, त्यांना माझ्याकडून काही लागत नाही. शनिवारी मी पोहे करते, सालं कचऱ्यात टाकते, आणि बेल वाजत नाही याचा मला राग येतो. कोणावर, ते सांगता येणार नाही. मधे डिसेंबरात मिरजेहून फोन आला. काका बाहेर गेले होते, काकूच होत्या. नातू आता रांगायला लागलाय, गुडघे आहेत तसेच, सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, "अगं, मी त्यांना म्हणतेय, आता तरी सिमल्याला जाऊन येऊ. तर ऐकतच नाहीत. म्हणतात, बर्फात काय बघायचंय? इतकी वर्षं त्या बर्फासाठी जीव टाकला, डोंगरापर्यंत गेले, आणि बिचाऱ्यांना एकदा डोळ्यांना दिसला नाही बघ."

"हो ना काकू," मी म्हटलं, आणि कुकर लावायचाय म्हणून फोन ठेवला.