उंबऱ्याच्या आतले जोडे

सकाळचे पहिले पाऊल हरणाबाई बनसोडे भिंत धरून टाकी. उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिलाय असे वाटे. काटा नव्हता. तिने एकदा सुई तापवून टाच उकरून पाहिली होती. नुसते रक्त आले. थोडे चालल्यावर दुखणे बोथट होई आणि दुपार कलली की त्याला पुन्हा धार चढे.

कुंडलच्या अलीकडच्या एका गावात ती उपकेंद्राची नर्स होती. साल त्र्याहत्तर. उपकेंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची खोली, एक लोखंडी कपाट आणि दारावरची पाटी. खरे काम बाहेर होते. गावाभोवती उसाच्या मळ्यांतून वस्त्या पसरलेल्या. गरोदर बायका तपासायच्या, बाळंतपणे करायची, पोरांना लस टोचायची, तापाच्या गोळ्या द्यायच्या. वाट म्हणजे कुठे बांध, कुठे पाटाची कड, कुठे बैलगाडीची चाकोरी. एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्या हातात पांढऱ्या पातळाच्या निऱ्या, पायात रबरी स्लिपर. अशी ती सकाळी निघे आणि दिवेलागणीला परते.

तिचे माहेर विट्याकडचे. बाप गावकीची कामे करायचा. त्याने पोरीला सातवीपर्यंत शिकवले; छप्पन्नला घराने बौद्ध धम्म घेतला आणि बापाने गावकी सोडली. लग्न झाले, आणि मुलगी कडेवर असतानाच नवरा तापाने गेला. मग तिने सांगलीला नर्सचे शिक्षण घेतले. तेव्हापासून ती चालतच होती. मुलगी यशोधरा आता कुंडलच्या हायस्कुलात नववीला होती.

त्या पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची हरणाबाईची खेप दोनदा चुकली. टाच टेकतच नव्हती. कुणीतरी जाऊन आरोग्य केंद्रावर बोलले. डॉक्टरांनी तिला बोलावून घेतले.

"फिरती होत नाही असा शेरा वर गेला तर माझ्या हातात काही राहत नाही, हरणाबाई. महिनाअखेरीला जिल्ह्याच्या मोठ्या बाई तपासणीसाठी तुमच्याबरोबर फिरायला येणार आहेत."

शेरा म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे जत, जिल्ह्याच्या टोकाचा दुष्काळी तालुका. जिल्ह्यातला कुठलाही नोकरदार, मास्तर असो की तलाठी, हे नाव आवाज उतरवून घेई. तिकडच्या ज्या उपकेंद्राची जागा मोकळी होती तिथून हायस्कूल इतके लांब होते की यशीची शाळा त्याच दिवशी संपली असती. हरणाबाई तसे काही बोलली नाही. "टाच दुखतीया," एवढेच म्हणाली.

डॉक्टरांनी टाचेवर अंगठा दाबला. तिने ओठ आवळले.

"हे रबरी स्लिपर टाकून द्या. बंद बूट घ्या, टाचेखाली जाड असलेले. आणि विश्रांती." शेवटचा शब्द त्यांनी स्वतःच हळू उच्चारला.

पुढच्या मीटिंगला ती सांगलीला गेली तेव्हा पेठेतल्या एका दुकानात शिरली. दुकानदाराने सँडलींचे खोके उघडले.

"बायकांत बंद माल येत न्हाई, बाई. ही बघा, उंच टाचेची. लय खपतीया."

"मला चालायचंय. लग्नाला न्हाई जायचं."

मग त्याने शाळकरी पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट काढले. "घ्या. पोराच्या पायाचं माप आणलंय?"

"माप हितंच हाय," असे म्हणून तिने पाय पुढे केला.

दुकानदाराने एकदा तिच्या पातळाकडे, एकदा पायाकडे पाहिले आणि मुकाट्याने पट्टी टेकवली. बूट घालून ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. टाच गप्प होती. कित्येक महिन्यांत गप्प राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढून जाताना पायरीवर बसलेल्या धनाजीने तिला अडवले. याला कुणीही कधी काम करताना पाहिलेले नव्हते.

"काय नर्सबाई, पलटणीत भरती झाला जणू?"

"व्हय की. तुमी चावडी सांभाळताय म्हटल्यावर शिमेवर कुणीतरी जायाला पायजे न्हवं?"

पायरीवरचे बाकीचे हसले. धनाजीही हसला. हरणाबाई पुढे गेली. बांधावर, चाकोरीत, ओढ्याच्या दगडांत बूट चांगले चालले. अडचण वाटेवर नव्हतीच. ती उंबऱ्यापाशी होती.

प्रत्येक घराला उंबरा, आणि उंबऱ्यापाशी पायताण काढायचे. रबरी स्लिपर पाय झटकला की निघे आणि न बघता घालता येई. बुटाला नाडी. पेटी खाली ठेवायची, वाकायचे, गाठ सोडायची, दोन्ही बूट काढायचे. बाळाचे वजन बघून बाहेर आले की पुन्हा वाकायचे. एकेका वस्तीवर भावाभावांची घरे ओळीने, म्हणजे उंबरेही ओळीने. बायका दारात उभ्या राहून बघायच्या. एखादी म्हणायची, "आवं असूं द्या, घालूनच या की." म्हणताना तिचे डोळे मात्र सकाळी सारवलेल्या जमिनीवर असत. हरणाबाईला हे 'घालूनच या' चांगले ठाऊक होते. दुसऱ्या आडनावाची एखादी नर्स बूट घालून आत गेली असती तर संध्याकाळपर्यंत लोक विसरले असते. तिचे बूट वर्षानुवर्षे सांगितले गेले असते. ती वाकत राहिली.

थोड्याच दिवसांत तिने नाडी सोडणे बंद केले. बुटाची मागची बाजू पायाखाली दाबली आणि पाय नुसता आत सरकवू लागली.

"आई, बुटाची चप्पल केलीस," यशी म्हणाली.

"तू अभ्यास कर."

टाचेखालचे जाड आता टाचेखाली राहिले नव्हते. दुखणे पहिल्यासारखे झाले. पण त्या चांगल्या चार दिवसांत तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. वाटेवर टाच गप्प असताना घरात मात्र ती बोलत होती. उघड्या पायांनी आत उभे राहिले की कळ येई. सारवलेल्या मातीवर कमी, फरशीवर जास्त. त्या वर्षांत उसाच्या पैशावर घरोघर शहाबादी फरशी येत होती. कुणाचा ऊस कारखान्याला बरा गेलाय हे हरणाबाईला टाचेवरून सांगता आले असते.

आक्काताईंच्या मळ्यातले घर असेच होते. नवी माडी, सोप्यापासून माजघरापर्यंत फरशी. आक्काताई म्हाताऱ्या, पण घर त्यांच्या शब्दावर चाले. मुलगा हिंदुराव फौजेत, सून मुक्ता पहिलटकरीण. हरणाबाईला त्या एरवी अगं-तुगं करीत. दुसरे कुणी समोर असले की अहो-जाहो.

एका सकाळी मळ्यातून निरोप आला. ती पोचली तेव्हा मुक्ताच्या कळा नुकत्या सुरू झाल्या होत्या. मूल वरच होते, वेळ लागणार होता. हरणाबाई तिला धरून खोलीत फिरवत होती. कळ आली की मुक्ता भिंतीला हात लावून वाके आणि हरणाबाई मागे उभी राहून तिची कंबर दाबे. खाली गार फरशी. दुपार झाली. हरणाबाईने उजवा पाय उचलून डाव्यावर टेकवला, मग पुन्हा खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

आक्काताई दारातून बघत होत्या. "बगळ्यावानी काय उभी ऱ्हातीस गं?"

"टाच, आक्का. फरशी सोसत न्हाई."

"मग? सून टाकून जातीस का काय माझी?"

"जाती कुठं? हाय की हितंच."

आक्काताई आत गेल्या. येताना त्यांच्या हातात एक वाकळ होती, जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी, वरच्या थराला हिरव्या लुगड्याचे तांबडे काठ. ती चौघडी करून त्यांनी फरशीवर टाकली. "हिच्यावर ऱ्हा उभी. मला सून सुटलेली पायजे."

हरणाबाई वाकळेवर उभी राहिली. टाच टेकली. बाकीची दुपार तिथेच उभे राहून मुक्ताची कंबर दाबण्यात गेली, आणि ऊन उतरता उतरता मुलगी झाली. चांगली रडली. आक्काताईंनी तोंड जरा वाकडे केले, मग नाळ कुठे पुरायची ते गड्याला सांगायला गेल्या.

हरणाबाई पेटी भरून निघाली तेव्हा ती वाकळ उंबऱ्याबाहेर, तिच्या बुटांशेजारी पडली होती.

"ती घिऊन जा," आक्काताई आतून म्हणाल्या. "विटाळाची हाय. घरात नको."

हरणाबाईने वाकळ उचलली. तिला रक्ताचा एक थेंबही लागलेला नव्हता. अंगणात गडीबाई दुसरी वाकळ पिळत होती. मुक्ता जिच्यावर बाळंत झाली होती ती ही, चिंब भिजलेली. ती ओढ्यावर धुऊन, वाळवून परत घरात जाणार होती. हरणाबाई जिच्यावर उभी राहिली होती ती जाणार नव्हती. यात विचारण्यासारखे काही नव्हते. तिने काखेत वाकळ घेतली आणि बुटाच्या मोडलेल्या टाचा घासत घरी आली.

रविवारी तिने वाकळ अंथरली, तिच्यावर बूट ठेवला आणि कोळशाने भोवती रेघ ओढली. कात्री चालेना इतके थर होते; विळीवर कापावे लागले. तळव्याला दुहेरी वाकळ, टाचेखाली आणखी दोन थर, वरून काठाची रुंद पट्टी. दाभणाने शिवताना बोटे सोलली. वरचा भाग हिरवा, पट्टीला तांबडे काठ. बुटांच्या नाड्या काढून तिने तिथे इलॅस्टिक ओवले आणि मोडलेल्या टाचा आतून पुठ्ठा घालून उभ्या केल्या. बूट वाटेसाठी, वाकळेचे जोडे घरात. ते पेटीत राहणार, रस्त्याला त्यांचा स्पर्श होणार नव्हता. चामडे नाही, रबर नाही. कापडाला कुठल्याही घराची ना नसते, असा तिचा हिशेब होता.

बहुतेक घरांत तो जमला. "हे काय गं बाई नवीन?" असे कुणी विचारले की ती म्हणे, "कापडी हाय. रस्ता बघितल्याला न्हाई." बायका वाकून शिवण बघत, दाभणाचे टाके लांब पडलेत म्हणत आणि विषय संपे. टाच बरी झाली नव्हती, पण ओढ्यापलीकडची वस्ती आता चुकत नव्हती. फक्त आक्काताईंच्या मळ्यात ती जोडे पेटीतच ठेवत होती. बाळंतिणीला बघायला गेली की फरशीवर उघड्या पायांनीच उभी राही.

महिनाअखेरीला मोठ्या बाई आल्या. वाईकडच्या, अंगाने भरलेल्या. बांधावर दोन ठिकाणी बसल्या. तिसऱ्या वस्तीनंतर म्हणाल्या, "अजून किती आहे?"

"आता मळा, मग ओढ्यापलीकडं."

"तुम्ही रोज चालता हे?"

"रोज."

मळ्यात पोचेपर्यंत हरणाबाईच्या टाचेने हात टेकले होते. उंबऱ्यापाशी दोघींनी पायताणे काढली. आतली फरशी दिसत होती, नुकतीच पुसलेली, गार. त्या फरशीवरून ती लंगडत गेली तर मोठ्या बाईंना शेरा लिहायला दुसरे काही लागणार नव्हते. हरणाबाईने पेटी उघडली, जोडे काढले, पायात घातले आणि आत पाऊल टाकले.

आक्काताई माजघराच्या दारात नातीला घेऊन बसल्या होत्या. त्यांची नजर आधी मोठ्या बाईंवर गेली, मग खाली आली. हिरवे लुगडे, तांबडे काठ. ते लुगडे त्यांनी कित्येक वर्षे अंगावर वापरले होते.

"ही आमची वाकळ न्हवं?"

"व्हय आक्का. तुमीच दिली."

मोठ्या बाई वाकून बघू लागल्या. "वाकळेचे केलेत? छान. कुणाची कल्पना?"

आक्काताई हिरव्या कापडाकडे बघत राहिल्या. जे घरातून बाहेर काढले होते ते चालत परत माजघरापर्यंत आले होते. ते बाहेर का काढले हे साहेबीण बाईंसमोर मोठ्याने सांगितल्याशिवाय आता पुन्हा बाहेर काढता येणार नव्हते. हरणाबाई उभी होती. ती हललीही नाही आणि नजरही खाली घातली नाही.

"आवं दिली की," आक्काताई शेवटी म्हणाल्या. "टाच दुखतीया म्हणत हुत्या. उभं काय ऱ्हायलाय नर्सबाई, पोरीचा कान बघा. राती लय रडली."

हरणाबाई पुढे गेली, नातीला घेतले, उजेडाकडे वळून कान पाहिला. फरशी पायाखाली होती आणि टाच बोलत नव्हती. मोठ्या बाई मुक्ताशी बोलल्या, पाणी प्यायल्या, भिंतीवरच्या हिंदुरावाच्या गणवेशातल्या फोटोकडे बघत बसल्या.

निघताना उंबऱ्याबाहेर हरणाबाईने जोडे काढले, एकमेकांवर झटकले आणि पेटीत ठेवले. मोठ्या बाई सँडलीचा पट्टा लावता लावता म्हणाल्या, "तुमची फिरती ठीक आहे. तसंच कळवते. ओढ्यापलीकडं मी आता येत नाही, तुम्ही जाऊन या. मी चावडीपाशी थांबते."

हरणाबाईने मान हलवली. बुटात पाय घालताना इलॅस्टिक ताणले आणि उजव्या टाचेतून कळ निघून गुडघ्यापर्यंत गेली. मागे आक्काताईंनी गडीबाईला हाक मारून फरशी पुसायला सांगितल्याचे तिला ऐकू आले. ती थांबली नाही. ओढ्याला पाणी होते, आणि पलीकडची वस्ती अजून राहिली होती.