साडूच्या स्टार्टरचा ऑटो

बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू. त्याला प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि सासरी माझा भाव उतरला. खोटं कशाला सांगू, मला त्याच्या आजाराचाही हेवा वाटला. सासरच्या बैठकीत किस्से रंगवायचा मान वीस वर्षं माझा होता. ऐन रंगात थांबून पाणी प्यायचं, ही माझी खास लकब. आता हे गृहस्थ बेलापूरहून येत, खुर्चीत बसत आणि नुसतं 'रिसेप्टर' म्हणत; झालं, सगळे गप्प. मला एवढी वर्षं शुगर आहे, पण तिची कोणी कधी साधी चौकशी केली नाही.

त्याचा किस्सा असा: पेशीत रिसेप्टर नावाचं कुलूप असतं, पुरुषी हार्मोन ही त्याची किल्ली. किल्ली फिरली की पेशीला वाढायचा हुकूम सुटतो. म्हणून डॉक्टर इंजेक्शन देऊन किल्लीच काढून घेतात. रक्ताच्या रिपोर्टातला पीएसए, म्हणजे या आजाराचा आकडा, उतरला, तसा साडूचा रुबाब चढला.

पुढे पीएसए पुन्हा वाढू लागला. डॉक्टरांनी जोडीला नवी गोळी दिली, ती हा घेईना. किल्ली काढूनही कुलूप उघडतं, म्हणजे इंजेक्शनच बोगस, मग गोळी कशाला, असा त्याचा हिशेब. मेहुणी फोनवर रडली. शेवटी मी बेलापूरला गेलो.

केडगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कुलपातलं मला कळत नाही. त्याला त्याच्याच विहिरीवर नेलं आणि स्टार्टरच्या पेटीवर टिचकी मारून विचारलं, "साडू, लाईट आली की बटण कोण दाबतं?"

"कुनी न्हाई. तुमीच ऑटो बसवून दिलाय की. मोटार आपली आपन चालू व्हते."

"तुमच्या रिसेप्टरनं तेच केलंय. इंजेक्शननं बटणावरचा हात काढला, ते खरंच. पण आत ऑटो बसलाय. ही गोळी थेट पेटीत शिरून स्टार्टरलाच अडवते."

त्याने पेटीचं झाकण उघडून आत पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजी इंजेक्शन खोटं नव्हतं. मला वाटलं, आपल्याला फसिवलं." पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं, तर तेही म्हणाले, बरंचसं असंच असतं. गोळी सुरू झाली.

महिन्याभराने सासरी जेवण होतं. साडू खुर्चीत बसला आणि म्हणाला, "परवा विहिरीवर उभा व्हतो, एकदम डोक्यात आलं."

माझा स्टार्टर! माझी टिचकीसुद्धा! वर स्टार्टरमधल्या कॉइलला कपॅसिटर म्हणाला. मी मोठ्याने चूक सुधारली, तर बायकोने कोपर मारलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. ऐन रंगात तो थांबला, खिशातून गोळी काढली आणि माझ्यापुढे हात केला.

पाण्याचा तांब्या माझ्याजवळ होता. दिला.